पोत्यावर काय लिहिलंय?

भांगलणीच्या दिवसांत पाऊस आला की बायका खताचं रिकामं पोतं घ्यायच्या, त्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचायच्या आणि ती खोळ डोक्यावरून पाठीवर सोडून पुन्हा खुरपं हातात घ्यायच्या. मी बांधावर बसलेली असायचे. समोर आठ-दहा वाकलेल्या पाठी, आणि पाठीपाठीवर आकडे. १०:२६:२६. १८:४६:०. कुणाच्या पाठीवर १५:१५:१५. पावसाचं पाणी त्या आकड्यांवरून ओघळून सरीत जायचं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात माझी अंकओळख जितकी शाळेत झाली तितकीच या पाठींवर झाली.

गावात खताला नाव नसायचंच, आकडाच असायचा. आप्पा दुकानात जाऊन म्हणायचे, "दोन दहा-सव्वीस, एक अठरा-सेहेचाळीस आन् एक पोटॅश." दुकानदाराला एवढं पुरायचं. पोती गाडीतून उतरली की आप्पांचं एक ठरलेलं काम असे. पोतं उताणं करायचं, शिवण बघायची, मग छापलेलं सगळं वाचायचं: घटक, वजन, बॅच, तारीख. वाचून झालं की डायरीत नोंद. शिवण उसवलेली दिसली की पोतं परत. "फोडायच्या आदी वाचायचं," ते म्हणायचे. "फोडल्यावर वाचून काय उपेग?"

गोठ्याच्या मागं आईचा उकिरडा होता. त्याच्यावर कुणी आकडे छापले नव्हते. शेण, गव्हाणीतला उरलेला चारा, चुलीतली राख, अंगणातला केर, सगळं तिथं पडायचं आणि वर्षभर पडून राहायचं. उन्हाळ्यात शेणखताच्या गाड्या भरायच्या आधी आई उकिरड्यात कोपरापर्यंत हात घालायची. आत ऊब लागली की म्हणायची, "अजून निवलं न्हाई." अशा खताला हात लावू द्यायची नाही ती. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीची अळी रानात जाते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. उसाची मुळं खाल्लेली तिनं बघितली होती. आप्पा वाचून पारखायचे आणि आई हात घालून. मला मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं असंच वाटत राहिलं, की ही दोन माणसं एकमेकांच्या विरुद्ध गोष्टी करतायत. आप्पा रासायनिक, आई सेंद्रिय. जुनं चांगलं, नवं वाईट; किंवा उलट.

पुण्यात गच्ची मिळाली तेव्हा मी आईची बाजू घ्यायची ठरवलं. रासायनिक कणसुद्धा घालायचा नाही. रोपवाटिकेतून दहा किलोची एक पिशवी आणली. त्यावर हिरवं पान, ओंजळीत धरलेलं रोप, 'शंभर टक्के सेंद्रिय', 'रसायनमुक्त', 'पोषणाने समृद्ध'. मिरचीची बारा रोपं त्या खतात लावली. तीन आठवड्यांत पानं खालून पिवळी पडत वर आली. मी आणखी खत घातलं. पिवळेपणा वाढला. मग उरलेलं खत चाळणीतून चाळलं. निम्मा भाग बारीक राखाडी खर, काही प्लॅस्टिकच्या चिंध्या, आणि न कुजलेली सालं, काड्या.

आप्पांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोत्यावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. शंभर टक्के सेंद्रिय, रसायनमुक्त, पोषणाने समृद्ध.

"ते न्हवं. आकडं सांग."

मी पिशवी फिरवून फिरवून बघितली. वजन होतं, किंमत होती. दुसरा एकही आकडा नव्हता.

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तू काय इकत घेतलंस, बाय?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी एक शब्द विकत घेतला होता. तो शब्द माझ्या आईचा आहे असं मला वाटलं, म्हणून त्याला प्रश्न विचारावा असं मनात आलं नाही. पण आईनं तर कधी न तपासता खत रानात जाऊ दिलं नव्हतं. तिची तपासणी हाताची होती, म्हणून ती मला तपासणी वाटलीच नव्हती.

तेव्हापासून मी पोती वाचते. आधी रासायनिक खताची वाचायला शिकले, कारण ती सोपी आहेत.

तीन आकडे म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), याच क्रमानं, वजनाच्या टक्क्यांत. १०:२६:२६ च्या शंभर किलोत दहा किलो नत्र, सव्वीस किलो स्फुरद, सव्वीस किलो पालाश. बाकीचं वजन त्यांना धरून ठेवणाऱ्या घटकांचं. नत्रानं पाला वाढतो, स्फुरदाचा मुळांना आणि फुलोऱ्याला आधार होतो, पालाश पाणी सांभाळायला, फळ भरायला, रोगाला तोंड द्यायला लागतं. इतकं सगळ्यांना पाठ असतं. नत्र जास्त झालं की काय होतं त्याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: झाड माजतं. हिरवंगार, कमरेएवढं, आणि फळ नाही. गच्चीवर मिरची माजलेली बघितली, की तिला आणखी 'टॉनिक' देऊ नये.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. पोत्यावरचं नत्र हे खरंच नत्र असतं, पण स्फुरदाचा आकडा निव्वळ फॉस्फरसचा नसतो आणि पालाशचा निव्वळ पोटॅशियमचा नसतो. ते त्यांच्या ऑक्साइडच्या, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेल्या रूपात मोजलेले असतात. एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ झाड जाळून त्याच्या राखेत काय उरतं ते तोलत, आणि राखेत ही द्रव्यं ऑक्साइड म्हणून मांडायची रीत पडली. रीत तशीच पोत्यावर आली. म्हणून डीएपीच्या, म्हणजे १८:४६:० च्या पोत्यावरचं ४६ हे फॉस्फरस म्हणून मोजलं तर साधारण २० भरतं. पोत्या-पोत्याची तुलना करताना याने फरक पडत नाही, सगळ्यांना एकच माप आहे. पण परदेशी संकेतस्थळावरचा एखादा सल्ला निव्वळ फॉस्फरसमध्ये दिलेला असेल आणि आपण तो पोत्यावरच्या आकड्याशी जुळवला, तर हिशेब दुपटीहून जास्त चुकतो.

आणि हे शब्द. स्फुरद हा मला मराठीतल्या सुंदर शब्दांपैकी एक वाटतो. हॅम्बुर्गमध्ये १६६९ साली हेनिग ब्रांड नावाचा किमयागार सोनं मिळेल या आशेनं मूत्र आटवत बसला होता. त्याच्या भांड्यात सोनं आलं नाही, अंधारात उजळणारा एक पदार्थ आला. तोच फॉस्फरस. त्या उजळण्याला आपण स्फुरणं म्हणतो. पालाश म्हटलं की मला माळावरचा पळस दिसतो. पोटॅश या शब्दाच्याही मुळाशी राखच आहे: लाकडाच्या राखेचं पाणी भांड्यात आटवून उरणारा क्षार. पोटॅशियमचं चिन्ह पी न होता के झालं, तेही कॅलियम या नावामुळं, आणि त्या नावाचं मूळ अरबीत राखेसाठी असलेल्या शब्दात आहे. आई चुलीतली राख उकिरड्यावर टाकायची तेव्हा ती पोत्यावरचा तिसरा आकडाच टाकत होती.

सेंद्रिय खताची पिशवी वाचणं याहून अवघड आहे. त्यात तीन आकडे असतातच असं नाही, आणि असले तरी ते सगळ्यात महत्त्वाचे नसतात.

आपल्या देशात खतं 'खत नियंत्रण आदेश, १९८५' खाली येतात. युरिया, डीएपी यांचे निकष त्यात आधीपासून होते. गांडूळखत, शहरी कचऱ्याचं कंपोस्ट, जिवाणूखतं यांचे निकष २००६ साली त्यात आले. म्हणजे सेंद्रिय खत विकायचं तर ते काय असलं पाहिजे हे कायद्यानं लिहून ठेवलेलं आहे. गांडूळखतात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पदार्थातला कार्बन, किमान १८ टक्के, नत्र किमान १ टक्का, ओलावा १५ ते २५ टक्के. शहरी कंपोस्टमध्ये सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के आणि कर्ब-नत्राचं गुणोत्तर २० च्या आत. क्षार किती आहेत ते विद्युतवाहकतेवरून कळतं. ती ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर जाता कामा नये. कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅम, शिसं १०० मिलिग्रॅम, याहून जास्त नको. हिरवं पान छापण्यावर मात्र कुठलाही निकष नाही.

यातला कर्ब-नत्राचा आकडा माझ्या मिरचीचं मरण सांगतो. खत पुरतं कुजलं नसेल तर त्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी असतं. कुजवणारे जिवाणू कुंडीत गेल्यावरही आपलं काम थांबवत नाहीत. त्यांना नत्र लागतं, खतात पुरेसं नसतं, मग ते मातीतलं उचलतात. झाडाच्या तोंडचा घास जातो. मी पिवळी पानं बघून आणखी तेच खत घालत होते, म्हणजे ओढ वाढवत होते. आई ज्याला 'निवलं न्हाई' म्हणायची तेच आदेशात '२० पेक्षा कमी' असं लिहिलंय. तिचा हात आणि प्रयोगशाळेचं यंत्र एकाच गोष्टीला हात घालत होते.

ओलाव्याचा आकडाही नीट वाचावा. ओल्या पिशवीत आपण पाण्याचे पैसे देतो. आणि सेंद्रिय, जैविक, नैसर्गिक हे तीन शब्द दुकानात एकाच अर्थानं वापरतात, ते तसे नाहीत. सेंद्रिय खत म्हणजे कुजलेला पदार्थ: शेणखत, कंपोस्ट, पेंडी. जैविक किंवा जिवाणूखत म्हणजे जिवंत जिवाणूंचं पाकीट: रायझोबियम, अझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू. त्यात अन्न नसतं, अन्न मिळवून देणारे मजूर असतात. म्हणून त्याच्यावर टक्के बघायचे नसतात, जिवाणूंची संख्या बघायची. भुकटीच्या रूपात असेल तर ग्रॅमला निदान पाच कोटी. आणि मुदत बघायची. असं पाकीट उन्हात टांगलेलं दिसलं तर मी घेत नाही. आतले मजूर मेलेले असतात आणि पाकीट तसंच छान दिसतं. 'नैसर्गिक' या शब्दाला तर पिशवीवर काहीच अर्थ नाही. शिसंसुद्धा निसर्गातच सापडतं.

आता एक हिशेब, जो केल्यावर मी बराच वेळ गच्चीवर नुसती बसून राहिले होते. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. मागं सरकारचं मोठं अनुदान आहे. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्यात २०.७ किलो. नत्राचा भाव पडला किलोला साधारण तेरा रुपये. मी गांडूळखत घेतलं पाच किलोला दोनशे रुपयांना. त्यात एक टक्का नत्र धरलं तर पन्नास ग्रॅम. म्हणजे किलोला चार हजार रुपये.

तेरा आणि चार हजार. आप्पांच्या पिढीनं पोतं का निवडलं हे समजायला मला दुसरं काही वाचावं लागलं नाही. ज्यांनी उकिरडे सोडले ते आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. गोठ्यातली जनावरं कमी झाली, ऊस वाढला, आणि हातातल्या पैशात पिकाला भरवायचं कसं, या प्रश्नाचं पोतं हे उत्तर होतं. शहरात गच्चीवर चार कुंड्या लावून त्यांना नावं ठेवणं मला जमणार नाही, आणि कुणी ठेवली तर मला ते लागतं.

पण हाच हिशेब दुसरीही गोष्ट सांगतो. गांडूळखत नत्रासाठी विकत घ्यायचंच नसतं. त्याचं मोल त्या अठरा टक्क्यांत आहे, कर्बात. कर्ब म्हणजे मातीतला ओलावा धरणारा, माती भुसभुशीत ठेवणारा, गांडूळ-जिवाणूंना जगवणारा भाग. मुळाला नायट्रेट, म्हणजे ते उचलतं त्या रूपातलं नत्र, शेणातून आलं की युरियातून हे कळत नाही; त्याला दोन्ही सारखीच. मातीला मात्र फरक पडतो. युरिया झाडाला खायला देतो आणि संपतो. कुजलेलं खत झाडाला थोडं देतं आणि मातीला घर बांधून देतं. म्हणून युरियाच्या पोत्यावर नत्र वाचावं आणि गांडूळखताच्या पिशवीवर कर्ब. एकाचा आकडा दुसऱ्यावर शोधला की दोघांवरही अन्याय होतो.

यातूनच एक पारख हाताला लागते. पिशवीवर 'ऑर्गेनिक' लिहिलंय आणि आकडे १९:१९:१९ आहेत, असं दिसलं तर ती खाली ठेवावी. शेण, पाला, पेंड यांतून इतकं एकवटलेलं काही निघत नाही. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, निंबोळी पेंडीत पाचेक टक्के, शेंगदाण्याच्या पेंडीत सातेक टक्के. हाडांच्या चुऱ्यात स्फुरद वीसच्या वर जातं, पण त्यात नत्र थोडं आणि पालाश जवळपास नाही. तीनही आकडे सारखे आणि मोठे असतील तर ते कारखान्यात बनलेलं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त तसं लिहायला हवं.

माझ्या कुंड्यांत आता काय जातं ते सांगते. मातीत तिसरा हिस्सा नीट मुरलेलं कंपोस्ट, बहुतेक घरचंच. नत्रासाठी शेंगदाण्याची पेंड: शंभर ग्रॅम लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवायची, मग दहापट पाणी घालून द्यायची. वास येतो, शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवते. निंबोळी पेंड माती भरतानाच मिसळते. ती नत्र सावकाश सोडते. देशात युरियाला निंबोळी तेलाचा लेप देणं २०१५ पासून सक्तीचं झालं, त्यामागंही हाच गुण आहे. एरंडीची पेंड मी घेत नाही. तिच्यात नत्र चांगलं असतं, पण रिसिन हे विषही असू शकतं, आणि कुत्री पेंडीच्या वासानं कुंडी उकरतात. ज्यांच्या घरात कुत्रं आहे त्यांनी ही पेंड आणावी का याचा दोनदा विचार करावा, कारण बऱ्याच पिशव्यांवर याबद्दल अक्षरही नसतं.

राख चिमूटभर. आपल्याकडची काळी माती आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट असते, बोअरचं पाणी क्षारांचं. त्यात राख म्हणजे भर. अंड्याच्या टरफलांचंही तेच. टरफल म्हणजे चुना, तो आम्लात विरघळतो, आपल्या मातीत वर्षानुवर्षं पांढरे तुकडे तसेच सापडतात. केळीच्या सालींच्या पाण्यात थोडं पालाश उतरतं, नत्र जवळपास नाही. साली सरळ कंपोस्टात टाकाव्यात. आणि कोकोपीट हे खत नव्हेच, ते आधाराचं माध्यम आहे, धुतल्याशिवाय वापरू नये.

सेंद्रिय आहे म्हणून कितीही घालता येतं, हाही समज सोडून द्यावा लागतो. ओलं कोंबडीखत रोपांच्या मुळाशी टाकलं तर ती युरियासारखीच करपतात.

हे सगळं वाचताना मला इंदूर सापडलं, आणि त्याचा आनंद मी कुणाला तरी सांगायला हवा. जगभर सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की अल्बर्ट हॉवर्ड हे नाव येतं. त्यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात, तिथल्या वनस्पती संशोधन संस्थेत, काडीकचरा आणि शेण थरांनी रचून, पाणी आणि हवा मोजून, काही महिन्यांत उत्तम खत करायची पद्धत बसवली. ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. त्या प्रयोगांवरचं १९३१ सालचं पुस्तक मी उघडलं तर लेखक म्हणून दोन नावं होती. दुसरं नाव यशवंत वाड. हॉवर्ड जगाला माहीत झाले, वाड आपल्यालाही माहीत नाहीत. त्या पुस्तकात मला जी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली ती तपमानाची आणि नत्राची मोजमापं. ढीग कितव्या दिवशी किती तापला, केव्हा उलटला, किती नत्र राहिलं. सेंद्रिय खताच्या जन्माशीच मोजणारी माणसं उभी होती. मोजणं हे फक्त पोत्यावाल्यांचं काम, आणि श्रद्धा हे उकिरडेवाल्यांचं, अशी वाटणी आपण नंतर केली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई-आप्पा पुण्याला आले. आप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर. ऊन खायला ते गच्चीवर बसायचे. एके सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी गांडूळखताची पिशवी मांडीवर उताणी घेतली होती, चष्मा कपाळावरून खाली ओढला होता आणि बोट ठेवून वाचत होते. ही पिशवी मी शोधून आणलेली, सगळे आकडे असलेली.

"सेंद्रिय कर्ब अठरा," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "ह्यो कर्ब म्हंजे मातीपरीक्षणाच्या कागदावर असतोय त्योच का?"

मी हो म्हटलं. आमच्या रानाचा कागद त्यांना पाठ होता. सेंद्रिय कर्ब ०.३८, शेरा: कमी. कागद घरात चार वर्षं होता. त्या ओळीपुढं काय करायचं ते त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं, कारण कर्बाचं पोतं दुकानात मिळत नव्हतं.

"०.३८ चा ०.४८ करायचा तर किती पोती लागतील?"

त्यांनी डायरी मागवली. आम्ही दोघं बसलो. एक एकर, वरची पंधरा सेंटिमीटर माती. तिचं वजन साधारण नऊ लाख किलो धरतात. त्याचा ०.१ टक्का म्हणजे नऊशे किलो कर्ब. अठरा टक्क्यांच्या खतातून तो द्यायचा तर पाच हजार किलो. पन्नास किलोची शंभर पोती, एका एकराला. तेही सगळा कर्ब मातीत टिकला तर, आणि आपल्या उन्हात त्यातला मोठा भाग जिवाणू खाऊन हवेत सोडतात. आप्पांनी १०० या आकड्याभोवती गोल काढला आणि पेन खाली ठेवलं.

आई पालेभाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आन् दरसाली काडी लावता त्येचं काय?"

ऊस तुटून गेला की रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला उरतो. एकरी तीन-चार टन. ते पेटवायचं, रान मोकळं करायचं, खोडव्याला, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला पाणी द्यायचं. गावात सगळे तेच करायचे, आप्पाही. रात्री कृष्णाकाठचं आभाळ तांबडं व्हायचं. लहानपणी मला ते बघायला आवडायचं. पाचटात कर्ब तिसरा हिस्सा तरी असतो. तीन टनांचा हिशेब आप्पांनी स्वतःच मांडला. हजार किलो. दर वर्षी, दर एकरी, एका काडीनं.

ते बराच वेळ डायरीकडं बघत राहिले. मी काही बोलले नाही. सगळं पाचट कुजून कर्ब म्हणून मातीत राहत नाही, हे मी त्यांना नंतर सांगितलं, त्यावर ते म्हणाले, "ऱ्हाईल तेवढं ऱ्हाईल. जाळल्यावर काय ऱ्हातंय?"

फेब्रुवारीत ऊस गेला. आप्पांनी पाचट पेटवलं नाही. एक आड एक सरीत ओढून घेतलं. पाचटात नत्र अगदी कमी, नुसतं सोडलं तर कुजायला फार वेळ आणि कुजताना मातीतलं नत्र ओढणार, माझ्या मिरचीसारखंच. म्हणून शिफारशीप्रमाणं त्याच्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायचं, हेक्टरी ऐंशी आणि शंभर किलो, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक दहा किलो. मग पाणी. म्हणजे आप्पांची पोती आणि आईचा उकिरडा एकाच सरीत गेले, पाचटाचं पोट भरायला.

संवर्धकाची पाकिटं आणली त्या दिवशी त्यांचा फोन आला. पाकिटं त्यांनी माठाशेजारी गारव्याला ठेवली होती. सरीत टाकायला अजून दोन दिवस होते, पण त्यांना मला वाचून दाखवायचं होतं. जिवाणूंची नावं त्यांनी अडखळत वाचली, मग ग्रॅममधली संख्या, बॅच, तयार केल्याची तारीख.

"मुदत अजून चार म्हयनं हाय," ते म्हणाले. "फोडू का?"